तळहाताएवढ्या तुकड्याचे वय

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा जतन केलेला आहे. उंची सुमारे 9 सेंटिमीटर, रुंदी सुमारे 6. नव्या कराराच्या हस्तलिखितांच्या यादीत त्याला पी 52 म्हणतात. एका बाजूस योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील 31 ते 33 या वचनांचे अंश आहेत, दुसऱ्या बाजूस 37 व 38 यांचे. प्रसंग पिलातापुढील चौकशीचा. सत्याविषयीचा पिलाताचा सुप्रसिद्ध प्रश्न याच दुसऱ्या बाजूस यावयास हवा; परंतु नेमका तोच भाग तुटून गेला असून मागची-पुढची काही अक्षरे तेवढी उरली आहेत. दोन्ही बाजूंवर एकाच ग्रंथाचा पुढे सरकणारा मजकूर आहे. अर्थात हा गुंडाळीचा नव्हे, पाने उलटून वाचावयाच्या पुस्तकाचा अवशेष होय.

1920 मध्ये बर्नार्ड ग्रेनफेल यांनी तो इजिप्तमध्ये विकत घेतला आणि 1935 मध्ये कोलिन रॉबर्ट्स यांनी प्रसिद्ध केला. रॉबर्ट्स यांनी त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरविला. एकोणिसाव्या शतकात ट्युबिंगेनच्या बाउर यांनी हे शुभवर्तमान त्याच शतकाच्या उत्तरार्धात रचले गेले असे प्रतिपादन केले होते. या एका तुकड्याने ते मत निकालात निघाले, असे पुढे असंख्य पाठ्यपुस्तकांनी लिहिले. कित्येकांनी तर 'इ. स. 125' असे एकच वर्ष देऊन टाकले.

पोथीच्या अखेरीस शक आणि लेखनिकाचे नाव शोधण्याची आम्हा मराठीच्या शिक्षकांना सवय. येथे पुस्तकाची अखेरच हाती नाही. मग काळ ठरतो तो अक्षरांच्या वळणावरून. करार, पावत्या, अर्ज अशा कागदांवर बहुधा तारीख असते. त्यांतील वळणाशी ग्रंथाचे वळण ताडून पाहावयाचे. रॉबर्ट्स यांनी ताडून पाहिलेल्यांत इ. स. 94 चे एक पत्र होते, गेमेलस नावाच्या जमीनदाराने शेतीच्या कामांविषयी लिहिलेले. शुभवर्तमानाचे वय शेतकामाच्या पत्रावरून ठरावे, हे आम्हांला या विद्येचे मोठे आकर्षण वाटते. परंतु तुलनेसाठी घेतलेला दुसरा एक महत्त्वाचा नमुना, एगर्टन पपायरस, स्वतःच तारखेविना होता. 1987 मध्ये त्याच हस्तलिखिताचा आणखी एक तुकडा कोलोनच्या संग्रहातून प्रसिद्ध झाला. त्यात दोन व्यंजनांमध्ये एक आकडीसारखे चिन्ह दिसले, आणि अशी चिन्हे तिसऱ्या शतकात विशेष आढळतात. साहजिकच एगर्टनचा काळ इ. स. 200 च्या आसपास आणावा, असे मत पुढे आले. म्हणजे ज्या मापाने मोजले ते मापच सरकले.

ब्रेंट नाँगब्री यांनी 2005 मध्ये या साऱ्याची फेरतपासणी केली. पी 52 मधील वळणांसारखी वळणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि तिसऱ्याच्या आरंभीच्या तारीखवार कागदांतही सापडतात, हे त्यांनी छायाचित्रांनिशी दाखविले. तुकडा उशिराचाच आहे असा दावा त्यांनी केला नाही. त्या शक्यता मोजणीतून वगळता येणार नाहीत, एवढेच म्हटले. आमच्या मते एवढे पुरेसे आहे. एक लेखनिक तीस-चाळीस वर्षे त्याच वळणाने लिहितो, त्याचा शिष्य तेच वळण पुढे नेतो; अशा साक्षीवरून पंचवीस वर्षांचा पट्टा आखणे म्हणजे पुराव्यावर नसता भार टाकणे होय. तुकड्याचा काळ पुढे सरकला म्हणून योहानाचा ग्रंथ आपोआप उशिराचा ठरत नाही, हेही खरे. त्यासाठी इतर पुरावे पाहावे लागतात. मात्र बाउर यांचे खंडन केवळ या तुकड्याच्या बळावर यापुढे करता येणार नाही.

तरीही मोह सुटलेला दिसत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाची पहिल्या शतकातील प्रत सापडल्याचा 2012 पासून बराच गवगवा झाला. ऑक्सिरिंकस पपायरस 5345 या क्रमांकाने तो तुकडा 2018 मध्ये छापला गेला, तेव्हा संपादकांनी त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याचा आरंभ असा दिला. तोही अर्थात अक्षरांच्या वळणावरूनच.