मोडलेला कणा : फळीपासून यंत्रहस्तापर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याजवळचें अकोट हें कापसाच्या व्यापारासाठीं आणि सतरंज्यांसाठीं जुन्या काळापासून ओळखलें जाणारें गांव. अशा गांवीं झाडावरून, भरल्या गाडीवरून किंवा विहिरींत पडून कणा मोडणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. संकट प्राचीन आहे. उपाय मात्र बदलत आले.

इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० सालच्या मिसर देशांतील एका वैद्यकीय लेखांत, मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेला रोगी चिकित्सेबाहेरचा ठरविला आहे. सुश्रुतानें त्यास असें सोडून दिलें नाहीं. पृष्ठवंश मोडला असतां रोग्यास फळीवर निजवून, खुंट्यांना बांधून स्थिर ठेवावें, असें त्याचें सांगणें. यासच 'कपाटशयन' म्हणत; कपाट म्हणजे दाराची फळी. मर्म एकच, मोडलेलें हाड हलूं देऊं नये.

पुढील बराचसा इतिहास याच तत्त्वाचा विस्तार होय. १८९१ त टेक्सासमधील हाड्रा या शस्त्रवैद्यानें मानेचे मोडलेले मणके तारेनें बांधले. १९६३ त पॅरिसच्या रॉय-कामीय यांनीं मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या पट्ट्यांनीं जोडले. बाहेरची फळी जणूं शरीराच्या आंत गेली. परंतु त्यासाठीं पाठ लांबवर चिरावी लागे, स्नायू हाडापासून सोडवावे लागत, आणि रक्तही पुष्कळ जाई.

कालांतरानें क्ष-किरणांच्या साह्यानें लहान छिद्रांतून स्क्रू बसूं लागले. २००४ त कण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं यंत्रहस्तास अमेरिकेंत मान्यता मिळाली. हा हात स्वतः शस्त्रक्रिया करीत नाहीं. संगणकावर आंखलेली दिशा तो धरून ठेवतो. स्क्रू वैद्यच बसवितो. जखम लहान राहते, रक्त कमी जातें.

मग उघडी शस्त्रक्रिया कालबाह्य झाली काय? तसें नाहीं. हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबून बसला असेल, तर तो दूर करण्यासाठीं पाठ बहुधा उघडावीच लागते. आणि तुटलेला मज्जारज्जू कोणतेंच यंत्र सांधूं शकत नाहीं.

म्हणूनच अकोटच्या रोग्याचें भवितव्य पुष्कळदां शस्त्रक्रियागृह गांठण्यापूर्वींच ठरतें. २००२ त स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्यास, सुमारें ४५ किलोमीटरांवर आहे. चौघांनीं हातपाय धरून उचललेला रोगी त्या वाटेवर शाबूत मज्जारज्जूही गमावून बसूं शकतो. मान व पाठ एका रेषेंत ठेवून त्यास फळीवर नेलें, तर पुढें वैद्याच्या हातीं कांहीं उरतें. यंत्रहस्त सर्वत्र मिळणार नाहीं. दाराची फळी मात्र कोणत्याही खेड्यांत मिळते.