मनोरमेचा देव कोणी ठरवायचा?

मुलाला आईबाप नाव देतात, भाषा देतात आणि त्याच ओघात देवही देतात. कुणाच्या घरी तिन्हीसांजेचा परवचा असतो, कुणाच्या घरी जेवणापूर्वीची ख्रिस्ती प्रार्थना. मूल हात जोडते ते आईकडे पाहून. पण आईनेच धर्म बदलला, आणि नव्या धर्माच्या गुरुजनांशीही तिचे पटेना, तर त्या मुलाने कोणाकडे पाहावे? पंडिता रमाबाईंच्या घरी हा प्रश्न उभा राहिला होता.

रमाबाईंचे स्वतःचे बालपण मोठे विलक्षण. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने तीर्थयात्रेच्या वाटेवर लेकीला. धर्म आणि विद्या दोन्ही रमाबाईंना आईच्याच तोंडून मिळाली. १८८१ साली मनोरमा जन्मली. पुढच्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी वारले आणि रमाबाई विधवा झाल्या. १८८३ साली लहानग्या मनूला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेजच्या जोगिणींकडे असताना २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनू तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला कोण विचारणार?

पुढे रमाबाई चेल्टनमच्या महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या आणि मनू बराच काळ वॉन्टेजला जोगिणींपाशी राहिली. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना मायलेकी ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. मी तो वाचला तेव्हा मला सगळ्यांत अधिक भिडला तो मनूवरचा वाद. आजीबाईंचा जीव मुलीवर होता यात शंका नाही. पण त्यांच्या मते बाप्तिस्मा झालेल्या मुलीला चर्चची शिकवणच मिळायला हवी. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता, धर्माधिकाऱ्यांचा शब्द म्हणजेच देवाचा शब्द हेही त्या मानीत नव्हत्या. आपल्याला जे पटत नाही ते लेकीच्या गळी उतरवू नये, असा त्यांचा हट्ट. शिवाय मुलगी मडम होऊन आपल्याच माणसांना परकी होऊ नये, हिंदुस्थानची लेक म्हणवून घ्यायची तिला लाज वाटू नये, ही तळमळ होतीच. धर्म घेतला म्हणजे देश टाकला असे नव्हे, हे त्या एकट्या, परक्या देशात, उपकारकर्त्यांच्या तोंडावर सांगत होत्या.

मात्र कथा इथेच संपत नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तिथे धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थनेला बसत, तेव्हा दार उघडे असे. हळूहळू सदनातल्या मुलीही येऊन बसू लागल्या. १८९३ साली गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलाविले नाही, पण आपल्या घरात दार लावून प्रार्थना का करू? पालकांचे म्हणणे, आमच्या मुलींचा धर्म आम्ही ठरवू. आईचा जो हक्क रमाबाईंनी वॉन्टेजला बजावला, तोच आता हे पालक त्यांच्यापुढे ठेवीत होते! मला दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते, आणि म्हणूनच हा प्रसंग मनातून जात नाही.

मनोरमा आईच्याच वाटेने गेली. अमेरिकेत शिकून ती परतली आणि केडगावी आईच्या कामात तिने स्वतःला वाहून घेतले. २४ जुलै १९२१ रोजी ती आईच्या आधी गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. अखेरची कित्येक वर्षे त्या बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी झिजल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर पडले. साध्यासुध्या बायकांना ते सहज कळावे, हा त्यामागचा हेतू.

मला वाटते, वॉन्टेजच्या वादाचे खरे उत्तर त्या ग्रंथात आहे. देव कोणताही द्या, पण तो आईच्या बोलीत द्या. दार उघडे ठेवा, म्हणजे मुलाला आत येता येईल, आणि वाटल्यास बाहेरही जाता येईल.