मोड आणि मोल

पेण किंवा रोहा येथील सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडावयास नेला, म्हणजे तो घडविणाऱ्या हाताचे कौतुक तेथे कोणी करीत नाही. सराफ कस पाहतो, वजन करतो, डाग व घट वजा करतो, आणि उरलेल्या सोन्याचा भाव हाती ठेवतो. घडणावळीचे पैसे पाण्यात गेलेले असतात. ही रीत कठोर खरी, परंतु सरळ आहे. आणि तिच्यावर विसंबून आमच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्ने, आजारपणे व कोर्टकचेऱ्या निभावून नेल्या आहेत. यामुळेच भारी किमतीचे घड्याळ घेतानाही आमच्या लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो हाच, की ते सोन्याचे आहे काय? सोन्याचे असेल तर अडीअडचणीस मोडता येईल, पोलादाचे असेल तर शेवटी भंगारच, असा हा हिशेब. दागिन्यास लागू पडणारा हा हिशेब घड्याळास कितपत लागू पडतो, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मोडीचेच पाहू. घड्याळात सोने असते ते बाहेरच्या कवचात, ज्यास घड्याळजी केस म्हणतात; आतील यंत्र बहुधा पितळ व पोलाद यांचेच. ते कवचही बहुतेक अठरा कॅरटचे, म्हणजे हजार भागांत साडेसातशे भाग सोन्याचे. रोल्ड गोल्ड म्हणून जे घड्याळ एके काळी घरोघर मिरवत असे, त्यात तर हलक्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा चढविलेला. त्याची मोड जवळजवळ शून्य. दुकानात आपण पैसे मोजतो ते कारखान्याच्या नावाचे, कारागिरीचे व व्यापाऱ्याच्या नफ्याचे. सोन्याचा वाटा त्यात अल्पच. सबब साधारण प्रतीचे सोन्याचे घड्याळ पुन्हा विकावयास काढले, की त्याची किंमत झपाट्याने धातूच्या भावाकडे घसरत जाते. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसास ८५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा कितीएक जुन्या घड्याळांची कवचे मुशीत गेली आणि आतील चालती यंत्रे उघडी पडली. ज्या धातूने त्यांस मान दिला, त्यानेच त्यांचा घात केला.

याच्या उलट बाजूचा इतिहास अधिक चमत्कारिक आहे. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कारखान्याने १९४१ साली १५१८ या क्रमांकाचे, पंचांग व कालमापक असलेले घड्याळ काढले. अशी सुमारे २८१ घड्याळे झाली. ती बहुतेक सर्व सोन्याची, कारण एवढे मोल देणाऱ्या गिऱ्हाइकास त्या काळी सोनेच हवे असे. पोलादाची म्हणून ज्ञात आहेत ती अवघी चार. त्यांतील एक नोव्हेंबर २०१६ मध्ये लिलावात निघाले व एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकांवर गेले. पिवळ्या सोन्याच्या त्याच घड्याळास याहून कितीतरी कमी किंमत येत असे. १९७२ साली ऑडेमार पिगे यांनी रॉयल ओक हे पोलादी घड्याळ ३३०० फ्रँकांस बाजारात आणिले, तेव्हा सोन्याच्या पुष्कळ घड्याळांहून ते महाग म्हणून लोकांनी बोटे तोंडात घातली. पुढे हीच चाल रूढ झाली. कारखान्यांनी पोलादी घड्याळे मागणीपेक्षा कमी करावी, गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि वापरलेल्या मालाने नव्यावर ताण करावी, असा प्रकार कित्येक वर्षे चालला.

हलक्या धातूस भारी मोल कसे येते, हे कोडे उलगडण्यास घड्याळापेक्षा आपला रुपया अधिक सोपा. आणि रुपयाची गोष्ट निघाली म्हणजे रोह्याचे स्मरण होणारच. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले. त्या पदावर ते १९४३ पासून १९४९ पर्यंत होते. पूर्वीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० साली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ साली, देशमुखांच्या कारकीर्दीत, निकेलचा रुपया निघाला. चांदी गेली म्हणून कर्ज फेडताना त्या रुपयाचे कोणी पंधरा आणे धरिले नाहीत. रुपयाचे मोल धातूत नसून शिक्क्यावरील विश्वासात होते. त्याहून मौज अशी, की १९३९ सालचा रुपया व त्याआधीचे रुपये यांत चांदी तितकीच, वजनही तितकेच. परंतु १९३९ चा नग दुर्मिळ, म्हणून नाणी जमविणारे त्यास इतरांच्या अनेक पट देतात. मोड एक, मोल निराळे!

रोह्याच्या शेजारचाच पेण तालुका. तेथील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळ नाते येथे देशमुखांचा जन्म झाला. एकाने देशाच्या चलनाची राखण केली. दुसऱ्याने पवनार येथे कांचनमुक्तीचा प्रयोग मांडून, पैशावाचून केवळ श्रमावर जगता येते काय, हे पाहिले. ज्या गांधींस विनोबा गुरू मानीत, त्यांचे खिशातील झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला व जेवणाची भांडी मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे एकत्र लिलावात निघाली आणि त्यांस अठरा लाख डॉलर आले. त्या सर्वांची मोड केली असती तर काय हाती आले असते? फार तर मूठभर चिल्लर.

तथापि यावरून सोने टाकून पोलादामागे धावावे, असा बोध कोणी घेऊ नये. पाटेक फिलिप यांचे नॉटिलस हे पोलादी घड्याळ २०२१ साली बंद झाले, तेव्हा त्याचा भाव दुकानी किमतीच्या कित्येक पट चढला. २०२२ नंतर तो बराच खाली आला. दुर्मिळतेचे मोल लोकांच्या हौसेवर उभे असते, आणि हौस फिरली की ते फिरते. सोन्याची मोड मात्र हौसेकडे पाहत नाही. तिच्या खाली घड्याळाची किंमत सहसा जात नाही, एवढाच तिचा आधार. परंतु तोच आधार पाहिजे असेल, तर घड्याळापेक्षा साधी वळी अधिक बरी. तिच्यात घडणावळ बुडण्याचे भय फारसे नाही.

म्हणून मुलीच्या लग्नाची पुंजी घड्याळात घालणाऱ्याने आधी सराफाकडे जाऊन त्याची मोड विचारावी. आणि आजोबांचे पोलादी घड्याळ भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवणाऱ्याने आधी एखाद्या जाणत्या घड्याळजीस ते उघडून पाहू द्यावे. पहिल्याने पेढीवर फसावे आणि दुसऱ्याने काट्यावर, हे आमच्या गावांत आजवर पुष्कळदा झाले आहे; यापुढे ते कमी व्हावे, एवढीच आमची इच्छा.