सव्वा महिना कमी पडला आणि न्यायाधीशाची खुर्ची गेली

आजची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या वेस्टमोरलँड नावाच्या एका बारक्या गावाची आहे. मेक्सिकोच्या सीमेजवळचा इम्पिरियल व्हॅली नावाचा भाग. मूळचं वाळवंट, कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आणलं म्हणून तिथे शेती. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये या गावाने न्यायाधीश निवडून दिला. हो, निवडून. तिथे गावपातळीच्या छोट्या कोर्टाचा न्यायाधीश मतदानाने ठरायचा आणि त्याला तेव्हा वकिलीची पदवीही लागत नसे. निवडून आले पंजाबातले शेतकरी दलीपसिंग सौंद. पण खुर्ची मिळाली नाही. कारण? अमेरिकेचं नागरिकत्व मिळून एक वर्ष पूर्ण झालं नव्हतं. ते मिळालं होतं १६ डिसेंबर १९४९ ला. म्हणजे जेमतेम सव्वा महिना कमी!

आता तुम्ही म्हणाल, उशीर का केला बाबा अर्ज करायला? इथेच तर खरी गोष्ट आहे. हा माणूस अमेरिकेत आला होता १९२० मध्ये.

सौंद यांचा जन्म १८९९ चा, अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावचा. गणितात बी.ए. केलं आणि अमेरिकेला निघाले ते फळं डबाबंद करण्याचं तंत्र शिकायला. आंबे डब्यात भरायचे, असा बेत होता. बर्कलीच्या विद्यापीठात गेले, तिथे पुन्हा गणिताने ओढलं, आणि १९२४ मध्ये थेट गणितात पीएच.डी. राहायची सोय कुठे, तर स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याने हिंदुस्थानी विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या घरात. सुट्टीत कारखान्यात काम करून पैसे जोडायचे. परदेशात शिकणाऱ्या आपल्या पोरांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटणार नाही.

पण मध्येच १९२३ साल आलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आणि हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते बरं का. (जाता जाता: थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून कान टवकारले ना? त्यांचं स्वतःचं नागरिकत्वही सरकारने काढून घ्यायचा प्रयत्न केला, तो खटला मात्र त्यांनी जिंकला. त्यांच्यावर वेगळा भाग करायला हवा.)

तर, डॉक्टरेट हातात आणि दारं बंद. सौंद इम्पिरियल व्हॅलीत गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांवर मुकादम झाले. पुढे स्वतःची शेती, पण तीही सरळ नाही. जो नागरिक होऊ शकत नाही त्याला शेतजमीन घेता येणार नाही, खंडाने कसतासुद्धा येणार नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा. मग कागदावर दुसऱ्याचं नाव आणि घाम आपला. १९२८ मध्ये मॅरियन कोसा यांच्याशी लग्न झालं. त्यात मंदी आली, भाव पडले, कर्ज झालं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं, पण सौंद यांनी ते केलं नाही.

मला या माणसात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? त्याची बोलण्याची हौस. दिवसभर शेतात राबायचं आणि संध्याकाळी चर्चमध्ये, क्लबात, जिथे बोलावतील तिथे जाऊन हिंदुस्थानबद्दल बोलायचं. अशी वर्षानुवर्षं भाषणं. १९४२ मध्ये हिंदुस्थानी लोकांची संघटना उभी केली, तिचे अध्यक्ष झाले, मागणी एकच: आम्हाला नागरिक होऊ द्या. इतरही अनेक जण यासाठी झटत होते. २ जुलै १९४६ ला अध्यक्ष ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली. कोटा किती, तर वर्षाला १०० हिंदुस्थानी. फक्त शंभर! पण जे आधीच तिथे राहत होते त्यांना अर्ज करता येऊ लागला.

आणि तीन वर्षांनी मिळालेल्या त्या कागदाला १९५० मध्ये सव्वा महिना कमी पडला.

दुसरा कोणी असता तर चिडून गप्प बसला असता. सौंद १९५२ मध्ये परत उभे राहिले. प्रचारात चारचौघांत एकाने खवचटपणे विचारलं, तुम्ही निवडून आलात तर कोर्टात यायला आम्हाला पगड्या तुम्ही देणार की आम्हीच विकत आणायच्या? गंमत म्हणजे सौंद तेव्हा स्वतः पगडी बांधतही नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे ते मी बघतो. निवडून आले, आणि या वेळी खुर्चीवर बसलेही.

गावात जुगार आणि वेश्याव्यवसाय राजरोस चालायचा. शेतमजुरांची वस्ती, हातात रोकड, घर लांब. तरण्या पोरांची मजुरी कुठे जात असेल हे वेगळं सांगायला नको. न्यायाधीश सौंद यांनी हे अड्डे चालवणाऱ्यांना कडक शिक्षा द्यायला सुरुवात केली आणि गावाचं नाव सुधारलं. ज्या देशाच्या कायद्याने त्यांना पंचवीसेक वर्षं बाहेर उभं केलं, तोच कायदा ते आता आपल्या शेजाऱ्यांसाठी राबवत होते.

१९५६ मध्ये ते अमेरिकेच्या संसदेसाठी उभे राहिले. समोर जॅकलिन कॉक्रन, आवाजापेक्षा वेगाने विमान उडवणारी पहिली महिला. पैसा, प्रसिद्धी, सगळं तिच्याकडे. सौंद आणि त्यांचं कुटुंब दारोदार फिरलं. जिंकले! अमेरिकन संसदेत निवडून गेलेले पहिले आशियाई. तीनदा निवडून आले आणि १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मत दिलं.

मग १९६२. पक्षाघाताचा झटका आला. ज्या माणसाने उभं आयुष्य बोलून माणसं जोडली, त्याची वाचाच गेली. त्या वर्षीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतं, पण प्रचाराला ते उतरू शकले नाहीत आणि हरले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. एप्रिल १९७३ मध्ये गेले. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावच्या पोस्टाला आता त्यांचं नाव आहे. कधी त्या बाजूला गेलात तर पाटीचा फोटो काढून पाठवा.