घोडा दमल्यावर काय?

इंजिन ९८ अश्वशक्तीचं, मोटर ८० अश्वशक्तीची. दोन्ही मिळून किती? शाळेतलं उत्तर १७८. टोयोटाचं उत्तर १३४! ही २००९ साली आलेली तिसऱ्या पिढीची प्रियस. कंपन्या आकडे फुगवतात हे आपण धरूनच चालतो, पण इथे तर चक्क ४४ घोडे कमी सांगितलेत. असं का? हे कळायला थेट जेम्स वॉटच्या घोड्यापर्यंत मागे जावं लागतं.

वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन आधी खाणींना पाणी उपसायची इंजिनं देत. पैसे घ्यायची पद्धत मजेशीर होती. जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा यांचा. पण १७८०च्या दशकात गिरणीवाले आणि ब्रुअरीवाले गिऱ्हाईक म्हणून यायला लागले आणि पंचाईत झाली. त्यांच्याकडे चाक फिरवायला घोडे होते, वाचवायला कोळसाच नव्हता! मग वॉटने घोड्यालाच माप केलं: मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या हिशोबात सुमारे ७४६ वॅट.

यातली गोम अशी की हे माप तासन् तास राबणाऱ्या घोड्याचं आहे. तोच घोडा काही क्षण जीव तोडून ओढायला लागला तर १५ अश्वशक्तीच्या आसपास जाऊ शकतो (१९९३ साली 'नेचर'मध्ये तसा हिशोब छापून आला होता). म्हणजे 'ताकद किती' या प्रश्नाच्या पोटात 'किती वेळ' हा प्रश्न पहिल्यापासून होताच. पेट्रोलच्या गाड्यांमुळे तो आपण विसरलो, कारण टाकीत पेट्रोल आहे तोवर इंजिन जवळजवळ तेवढीच ताकद देत राहतं.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पहिली प्रियस विक्रीला आली आणि तो प्रश्न पुन्हा वर आला. वरच्या २००९च्या गाडीचंच गणित करू. मोटर ६० किलोवॅटची, पण बॅटरी फक्त २७ किलोवॅट देऊ शकते. मोटरला लागणारी बाकीची वीज येते ती इंजिनाने जनरेटर फिरवून. ती पुन्हा धरली तर एकच रुपया दोन खिशांत मोजल्यासारखं होईल. म्हणून इंजिनाचे ७३ आणि बॅटरीचे २७, झाले १०० किलोवॅट. म्हणजेच १३४ अश्वशक्ती. कंपनीचा हिशोब चोख आहे.

पण किती वेळ? बॅटरी सगळी मिळून १.३ युनिटची. ती वर्षानुवर्षं टिकावी म्हणून गाडीतला कॉम्प्युटर तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच ठेवतो. हातात उरलं जेमतेम अर्धं युनिट. २७ किलोवॅटने ते उपसलं तर एक मिनिट आणि वर थोडे सेकंद. त्यानंतर गाडी ९८ घोड्यांची! ब्रॉडबँडवाल्यांचं ते 'अप टू' असतं ना, अगदी तसंच.

बरं, हे अंगाला तरी कळतं का? फारसं नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. २००३ साली आलेल्या प्रियसच्या मोटरचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, तोही शून्य फेऱ्यांपासून. त्यामुळे सिग्नलला सुटताना गाडी आहे त्यापेक्षा दांडगी वाटते. हायवेवर बरोबर उलटं. तिथे गिअर बदलल्याचा धक्का नाही, इंजिनाचा आवाज वर चढतो आणि तिथेच घोंगावत राहतो. कान म्हणतो गाडी ढिम्म आहे, स्टॉपवॉच म्हणतं छान पळतेय. दोन्हीकडे अंदाज चुकतो.

हे मोजायचं कसं, यावर एकमत व्हायला मात्र वीस वर्षं लागली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एसएईचं, २०१८ मध्ये आयएसओचं मानक आलं आणि २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २१ मंजूर झाला. त्यात क्षणिक ताकद वेगळी आणि टिकणारी ताकद वेगळी मोजतात. फक्त 'टिकणारी' म्हणजे जेमतेम दहा सेकंद! वॉटचा घोडा हसला असता.

हे नुसतं पुस्तकी नाही बरं का. २०२२ साली आपल्याकडे आलेल्या ग्रँड विटारा हायब्रिडचं बघा: इंजिन सुमारे ९२ पीएस, मोटर ८०, एकत्र ११६. ओव्हरटेक करताना हे ११६ बहुतेक वेळा हाताशी असतात. पण गाडी भरलेली आहे, चढ मैलभर मागेच सुरू झालाय, बॅटरी तळाला गेलीय आणि समोरून ट्रक येतोय, तेव्हा भरवसा ९२चाच. तेव्हा गाडी बघायला गेलात की एकत्र आकडा जरूर वाचा, पण इंजिनाचा एकट्याचा आकडा आधी विचारा.