पहिली भाषा कोणती? : संगणकशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न



आपल्या सीमाभागात ‘भाषा’ हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसे सावध होतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड, वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी, अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला शाळेच्या संगणक कक्षात आता आणखी एक भाषा भेटते. ती म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याची भाषा. अशा भाषा अनेक आहेत, आणि नवशिक्याला त्यांतली पहिली कोणती शिकवावी याविषयी जगभर साठ वर्षे वाद चालू आहे. वरवर पाहता हा वाद यंत्रशास्त्राचा आहे. परंतु त्याचा इतिहास वाचताना तो आपल्या शिक्षणमाध्यमाच्या वादाचा भाऊबंदच वाटतो. मराठीच्या अध्यापकाने या विषयावर बोलण्याचे धाडस केले आहे ते एवढ्याच आधारावर.

प्रारंभी संगणक हे शास्त्रज्ञांचे साधन होते आणि त्याच्या भाषाही त्यांच्याच सोयीच्या होत्या. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने ‘फोर्ट्रान’ सिद्ध केली. गणिती सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी यंत्राला सांगता यावीत, हा तिचा हेतू होता आणि तो सफलही झाला. पण तिचे काही नियम नवख्याला चकवणारे होते. चलाचे नाव इंग्रजी ‘आय’पासून ‘एन’पर्यंतच्या एखाद्या अक्षराने सुरू झाले तर त्यातील संख्या पूर्णांक समजायची, अन्यथा दशांश-अपूर्णांकाची, हा त्यांपैकी एक. शिवाय आज्ञावली कार्डांवर छिद्रांच्या रूपाने उतरवायची, गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि वाट पाहायची. एखादे विरामचिन्ह चुकले, तर वाट पाहून हाती यायची ती उत्तराऐवजी चुकीची नोंद.

या स्थितीकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले ते अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजच्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी. केमेनी जन्माने बुडापेस्टचे. तरुणपणी ते आइन्स्टाइन यांचे साहाय्यक होते. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. उद्या संगणकाविषयी निर्णय घेणाऱ्या जागांवर हीच माणसे बसणार आणि त्यांनी संगणकाला कधी हातही लावलेला नसणार, ही या दोघांची चिंता होती. १९५६ साली ‘डार्सिम्को’ आणि १९६२ साली ‘डोप’ असे सोप्या भाषांचे प्रयोग करून झाल्यावर १ मे १९६४ रोजी पहाटे त्यांची ‘बेसिक’ भाषा प्रथम चालली. आरंभी तिच्यात अवघी चौदा प्रकारची विधाने होती. पूर्णांक आणि अपूर्णांक हा भेद नवख्यासमोर ठेवलेलाच नव्हता. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रावरून काम करण्याची व्यवस्था तिच्या जोडीला होती, त्यामुळे चूक झाली तर ती तिथल्या तिथे कळे.

येथे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. केशवराज सूरी संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकल्या असत्या. नागदेवाचार्यांनी संस्कृतला कमी लेखले नाही. दाराबाहेर कोण राहील, एवढेच पाहिले. केमेनी आणि कर्ट्झ यांची दृष्टी हीच होती.

मात्र ‘सोपे’ या शब्दातही धोका असतो आणि तो दाखवून देणारे लोक लवकरच पुढे आले. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक असे आणि ‘गोटू’ या आज्ञेने कोणत्याही ओळीवरून कोणत्याही ओळीवर उडी मारता येई. लहान आज्ञावलीत हे चालून जाते. मोठीत मात्र लिहिणाऱ्यालाच आपल्या विचाराचा माग लागेनासा होतो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली या उडीविरुद्ध लिहिले. १९७५ साली तर, ज्यांची सुरुवात बेसिकने झाली त्यांना पुढे चांगली आज्ञावली लिहायला शिकविणे जवळजवळ अशक्य, असा कठोर निवाडा त्यांनी दिला. त्याच सुमारास झुरिकच्या तंत्रविद्यापीठात निकलाउस विर्थ यांची ‘पास्कल’ (१९७०) आकाराला आली. ती अध्यापनासाठीच घडविली होती. प्रत्येक चल कोणत्या प्रकारचा हे आधी जाहीर करायचे, मोठ्या कामाचे लहान भाग पाडायचे, प्रत्येक भागाला नाव द्यायचे, ही तिची शिस्त. बेसिकच्या जनकांनाही घरगुती संगणकांवरील बेसिकची मोडतोड झालेली रूपे रुचली नाहीत. १९८५ साली त्यांनी ‘ट्रू बेसिक’ नावाने सुधारलेली भाषा पुढे आणली. सुलभता हवी की शिस्त, हा प्रश्न व्याकरणाच्या अध्यापकालाही अपरिचित नाही. आधी बोलू द्यावे आणि मग रूपे शिकवावीत, की आधी रूपे घोकून घ्यावीत?

या वादाला तिसरी दिशा दिली ती मुलांमध्ये काम करणाऱ्यांनी. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज गावी वॉली फ्यूरझिग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पेपर्ट जन्माने दक्षिण आफ्रिकेचे. जिनिव्हात त्यांनी बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केले होते. लोगोतील ‘कासव’ पुढे जगभर गाजले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की ते चौरस काढते. कोन चुकला तर आकृती वाकडी होते. मग मूल स्वतः उठून कासवासारखे चालून पाहते आणि चूक कुठे झाली ते शोधते. तांबड्या शाईने फुली मारण्याऐवजी चुकीला विचाराचे साधन मानणे, हा पेपर्ट यांचा खरा विचार. त्यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८० साली आले. परंतु न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४च्या सुमारास केलेल्या अभ्यासात, लोगो शिकलेल्या मुलांची इतर कामांतील नियोजनशक्ती आपोआप वाढलेली दिसली नाही. भाषा कितीही उत्तम असो, शिक्षकाने विचार करायला लावल्यावाचून ती विचार शिकवीत नाही, हा या अभ्यासाचा धडा मला मोलाचा वाटतो.

भारतात हा प्रश्न शाळेच्या दाराशी आला तो १९८४-८५ साली. शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटी यांच्या ‘क्लास’ प्रकल्पात सुमारे २५० शाळांना संगणक मिळाले. ते ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो जातीचे होते. यंत्र सुरू केले की पडद्यावर बेसिकच उभी राही. म्हणजे पहिली भाषा आपण निवडली नव्हती. यंत्राबरोबर ती आली. सुदैवाने ही बेसिक सोफी विल्सन यांनी रचलेली होती आणि तिच्यात आज्ञावलीचे नामधारी भाग पाडण्याची सोय होती.

पुढची निवड बहुधा महाविद्यालये आणि उद्योग यांच्या मागोमाग होत गेली. अमेरिकेत शाळकरी विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन दर्जाची जी परीक्षा असते, तिच्यात १९८४ साली पास्कल होती. १९९९ साली सी प्लस प्लस आली आणि २००३-०४ पासून जावा. आपल्या केंद्रीय मंडळाच्या वरच्या वर्गांतही अनेक वर्षे सी प्लस प्लस होती. २०१९-२०च्या सुमारास तिची जागा पायथॉनने घेतली. जावामध्ये एक वाक्य पडद्यावर उमटवायचे तर बराच काळ ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ अशी चार पदांची नांदी म्हणावी लागे. तिचा अर्थ शिक्षक ‘पुढे कळेल’ म्हणून सोडून देत आणि मूल अर्थ न कळता मंत्र म्हणावा तशी ती लिही. पायथॉनमध्ये तेच काम एका ओळीत होते. हा केवळ योगायोग नव्हे. पायथॉनचे कर्ते गिडो व्हान रॉसम यांनी अॅमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत आधी ‘एबीसी’ या नवशिक्यांसाठी योजलेल्या भाषेवर काम केले होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉनने समास सोडून ओळी मांडण्याची सक्ती तिच्याकडूनच घेतली. आज उद्योगांनाही तीच भाषा हवी आहे, हे आपले भाग्य. पण भाग्यावर अभ्यासक्रम उभारू नये.

२००७ साली एमआयटीत मिचेल रेस्निक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ आणली. तिच्यात आज्ञा लिहायच्या नसतात, ठोकळ्यांप्रमाणे जोडायच्या असतात. शुद्धलेखनाची चूक होतच नाही. उरते ती विचाराची चूक. शिवाय ठोकळ्यांवरील शब्द अनेक भाषांत उतरविता येतात. उलटपक्षी मुंबईच्या आयआयटीतील अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लससारखी अवघड भाषा शिकवितानाही आरंभाला कासवच घेतले. पद्धती शहाणी असेल तर कठीण भाषेचे दारही उघडता येते.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावलीलेखनाचा उल्लेख केला आहे, म्हणून निवड आता आपल्यासारख्या शाळांनाही करावी लागेल. ‘नोकरी कशाने मिळेल’ हा प्रश्न पालक विचारणारच आणि तो गैर नाही. परंतु आज पाचवीत असलेले मूल नोकरीला लागेपर्यंत बाजारातील भाषा बदललेली असेल, हेच या साठ वर्षांनी दाखविले आहे. तेव्हा भाषा निवडताना एकच कसोटी लावावी, असे माझे मत आहे: मुलाला स्वतःची चूक स्वतः वाचता येते काय?

ही कसोटी मराठी माध्यमाच्या मुलाला विशेष कडक आहे. यंत्राची चूक सांगणारी वाक्ये बहुधा इंग्रजीत असतात. चूक विचाराची की इंग्रजीची, हे त्याला उमगत नाही, आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून ते मागच्या बाकावर सरकते. म्हणून ठोकळ्यांपासून आरंभ करावा, आठवीच्या सुमारास पायथॉनकडे न्यावे. पण प्रत्येक आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती काय करणार हे मुलाने मराठीत बोलून दाखवावे. नेहमी भेटणाऱ्या इंग्रजी सूचनांचा मराठी अर्थ लिहिलेला एक तक्ता संगणक कक्षाच्या भिंतीवर असावा. माजी विद्यार्थी शाळेला यंत्रे भेट देतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांतील जाणत्यांनी आठवड्यातला एक तास मुलांशेजारी बसण्यासाठी दिला, तर ती भेट अधिक मोलाची ठरेल. दाराबाहेर कोण राहते आहे याची चौकशी जी शाळा करते, तिच्या हातून पहिल्या भाषेची निवड सहसा चुकत नाही.