सिंहासनामागून आलेला वेणू

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक स्वतः बासरी वाजवी. त्याचे गुरू क्वांट्झ १७४१ पासून त्याच्या पदरी होते. राजासाठी त्यांनी शेकडो रचना केल्या, १७५२ मध्ये बासरीवर ग्रंथ लिहिला आणि वाद्याला जादा चावी बसवून त्याचे सूर नेमके केले. तंजावरचे भोसलेही संगीतात उणे नव्हते. पहिल्या तुळजाराजांनी (कारकीर्द १७२८–३६) 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. मग तंजावरचा क्वांट्झ कोण? चेन्नईस आलेल्या पाहुण्यांना सरस्वती महाल दाखवून परतताना आम्हांस हा प्रश्न अनेकदा पडला आहे.

उत्तर राजवाड्यात नाही. कुंभकोणम् येथे आहे, आणि तेही सिंहासन गेल्यावरचे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले व राज्य संपले. त्यानंतर सतरा वर्षांनी शरभशास्त्री जन्मले. बालपणीच दृष्टी गेली, आणि आयुष्य मिळाले अवघे बत्तीस वर्षांचे (१८७२–१९०४). पण तेवढ्यात त्यांनी बासरीला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मुख्य वाद्याचे आसन मिळवून दिले. त्यांच्या वेळूला चाव्या नव्हत्या. छिद्र अर्धेमुर्धे झाकून आणि फुंकर सांभाळून गमक काढावयाची, हीच सारी विद्या. डोळ्यांवाचून ती साधली याचे लोकांस नवल वाटते. आम्हांस ते वाटत नाही. छिद्रे बोटांनी पाहावयाची असतात.

त्यांचे शिष्य पल्लडम् संजीव राव यांना मद्रासच्या संगीत अकादमीने १९४३ मध्ये संगीत कलानिधी केले. पुढे महालिंगम् (१९२६–८६) यांनी बासरी गळ्यासारखी गाती केली. आणि गंमत अशी की, त्यासाठी त्यांना संजीव रावांची चाल सोडावी लागली.

शरभशास्त्र्यांना आपले म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. तो खोटा ठरेल. ते मराठी नव्हते. परंतु ते नुसते वेणुवादक नव्हते, हरिकथेचेही जाणकार होते. आणि तंजावरची हरिकथा घडली ती मराठी कीर्तनावर. ग्वाल्हेरकडून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन ऐकून कृष्ण भागवतरांनी ती घडविली. मांगुडी चिदंबर भागवतरांना हरिकथेचे पाठ शरभशास्त्र्यांनीच दिले. त्या तमिळ कथांतून साकी आणि दिंडी आपापल्या नावांनिशीच गायिली जात.